त्र्यंबकचा यंत्रवेडा कलावंत

(तृतीय वर्ष कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात लघुपटांची स्पर्धा होती. कार्यक्रमपत्रिकेत आमच्या वर्गाचे नाव छापलेले होते, पण पडद्यावर आमचा लघुपट काही आला नाही. त्याचे कारण मी. तीन रविवार पहाटे उठून आम्ही गोदाघाटावर चित्रण केले होते. सारे चित्रण माझ्याच मोबाइलमध्ये होते. शेवटच्या दिवशी जागा पुरेना, म्हणून घाईघाईने मी जुने फोटो पुसू लागले आणि त्याबरोबर तिन्ही रविवारांचे चित्रणही पुसून बसले. पुसलेल्या गोष्टी काही दिवस जपून ठेवणारी पेटी मोबाइलात असते. तीसुद्धा जागा व्हावी म्हणून मी स्वतःच्या हाताने रिकामी केली. दुसरीकडे एक प्रत करून ठेवावी, एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

त्यानंतर मी काय केले असेल? जे आपण सगळेच करतो ते. मोबाइलला दोष दिला. स्वस्तातला आहे, जागाच कमी आहे, कॅमेरा बरा नाही, अशी दहा कारणे सांगितली. वास्तविक तो मोबाइल आईने आपल्या भिशीच्या पैशांतून घेऊन दिलेला. वर पुन्हा मी असेही जाहीर करून टाकले की, यंत्रे आणि संगणक हे विज्ञान शाखेचे काम. आपण कला शाखेच्या मुलींनी त्यात पडूच नये.

माझे हे शेवटचे वाक्य आमच्या सरांच्या कानी गेले. ते रागावले नाहीत. ग्रंथालयातून त्यांनी दादासाहेब फाळके यांचे चरित्र काढून माझ्या हाती ठेवले आणि परीक्षा झाल्यावर वाच, एवढेच सांगितले. मला थोडे हसूच आले. नाशिकच्या मुलीला फाळके कोण ते सांगावे लागते काय? पांडवलेणीच्या पायथ्याशी फाळके स्मारक आहे, शाळेची सहल तेथे गेली होती, कारंज्यापाशी आम्ही खेळलो होतो. भारतीय चित्रपटाचे जनक, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकातले उत्तर मला पाठ होते. पण पुस्तक उघडले आणि ध्यानात आले की, उत्तर पाठ असले तरी तो माणूस मला मुळीच ठाऊक नव्हता. त्या माणसाची ओळख माझ्यासारख्याच इतरांना व्हावी म्हणून हा लेखनप्रपंच.

शास्त्रीबोवांचा मुलगा

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. नाशिकपासून तीसेक किलोमीटरवरचे हे क्षेत्र. ब्रह्मगिरीच्या कुशीतले, गोदावरीच्या उगमाचे. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे व्यासंगी पंडित. मुलानेही शास्त्री व्हावे, ही अशा घरातली स्वाभाविक अपेक्षा. पण मुलाचा ओढा चित्रे काढणे, मूर्ती घडविणे, नाटके करणे याकडे. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. तेथे १८८५ साली धुंडिराजाचे नाव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्यास मोठ्या बंधूंकडे जाऊन ते कलाभवनात शिकू लागले.

हे बडोद्याचे कलाभवन म्हणजे सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीचे फळ. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तेथील प्रमुख. गज्जर मूळचे रसायनशास्त्राचे जाणकार. त्यामुळे या संस्थेत चित्रकला आणि रसायन, नक्षीकाम आणि यंत्रकाम एकाच छपराखाली नांदत होते. कला एका इमारतीत आणि विज्ञान दुसऱ्या इमारतीत, मध्ये सायकलींचा तळ, अशी आपल्या महाविद्यालयासारखी वाटणी तेथे नव्हती. फाळके तैलरंगातली चित्रे शिकले, तसेच छायाचित्रणही शिकले. कॅमेरा मिळताच त्यांनी काचेवर चित्र उमटविणे, ते धुणे, छापणे हे सारे स्वतः करून पाहिले. गज्जरांनी त्यांना रतलाम येथे धाडले. तेथे ते तीनरंगी ठसे तयार करणे आणि अंधाऱ्या खोलीतील छपाईची कामे शिकून आले. आदर्श नाट्यगृहाचा नमुना करून त्यांनी अहमदाबादच्या प्रदर्शनात १८९२ साली सुवर्णपदकही मिळविले.

पण पदकाने पोट भरत नाही. गोध्र्यास त्यांनी छायाचित्रकाराचे दुकान थाटले. कॅमेऱ्यासमोर बसले की अंगातली शक्ती निघून जाते, ही त्या काळची लोकसमजूत. गिऱ्हाईक येणार कोठून? तशात प्लेगची साथ आली आणि १९०० साली त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. तिशीतला हा माणूस रित्या हाताने बडोद्यास परतला. तेथे एका जर्मन जादूगाराकडून ते हातचलाखी शिकले. आडनावाची अक्षरे उलटसुलट करून प्रोफेसर केल्फा या नावाने त्यांनी जादूचे प्रयोगही केले. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. ते नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

१९०३ साली पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार म्हणून सरकारी नोकरी लागली. ती त्यांनी तीनेक वर्षांत सोडली. स्वदेशीचे वारे वाहत होते. लोणावळ्यास त्यांनी ठसे तयार करण्याचा आणि छपाईचा कारखाना काढला, रविवर्मा छापखान्यासाठी कामे केली. पुढे हा व्यवसाय मुंबईस दादर येथे आला, भागीदार बदलले, 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने नावारूपाला आला. रंगीत छपाईची नवी यंत्रे आणण्यासाठी १९०९ साली फाळके जर्मनीला जाऊन आले. यंत्रे आली, काम वाढले आणि भागीदारांशी मतभेदही वाढले. अखेर चाळिशीच्या उंबरठ्यावर स्वतःच उभारलेल्या कारखान्यातून ते बाहेर पडले.

चरित्राचा हा पहिला भाग वाचताना मला प्रथम कंटाळा आला होता. एक धंदा धरावा आणि तो सोडावा, हे काय आयुष्य? पण मागे वळून पाहता लक्षात येते की, चित्रकला, छायाचित्रण, रसायने, ठसे, रंगभूमी, जादू आणि यंत्रे यांपैकी एकही विद्या वाया गेली नाही. जणू कोणी त्यांना एका अजून न जन्मलेल्या धंद्यासाठी तयार करीत होते.

पडद्यावरचा येशू

१९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास गिरगावातील एका तंबूतल्या चित्रपटगृहात त्यांनी येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. मुंबईला हलत्या चित्रांची तेव्हा नवलाई उरली नव्हती. लुमिए बंधूंचे खेळ ७ जुलै १८९६ रोजीच वॉटसन हॉटेलात झाले होते. पण शेकडो लोकांनी जे करमणूक म्हणून पाहिले, त्यात फाळक्यांना दुसरेच काही दिसले. पडद्यावर येशू चालत होता आणि त्यांच्या मनात कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या हलू लागली होती. आपली देवदेवता, आपल्या कथा आपल्याच माणसांच्या हातून या पडद्यावर यायला हव्यात, या एका कल्पनेने त्यांना पछाडले. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना सोबत घेऊन गेले.

पुढचे काही महिने म्हणजे शुद्ध वेड होते. एक छोटा कॅमेरा आणि रिळे आणून त्यांनी रात्ररात्र प्रयोग केले. इंग्रजी पुस्तके, किमतीच्या याद्या मागवून वाचल्या. मिळेल तो चित्रपट पाहिला. झोप नाही, विश्रांती नाही. शेवटी डोळ्यांनी दगा दिला आणि काही काळ दिसेनासेच झाले. डॉक्टरांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली. दृष्टी परत येताच माणसाने काय करावे? त्यांनी पुन्हा तेच सुरू केले.

आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तेथे ओळखीचे कोणी नव्हते. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते, त्याची पाटी रस्त्यात दिसली आणि हे सरळ संपादकांच्या खोलीत गेले. हिंदुस्थानच्या हवेत हा धंदा चालायचा नाही, असे संपादकांनी प्रथम बजावले. पण फाळक्यांची तयारी आणि आस्था पाहून त्यांनीच वॉल्टन येथील सेसिल हेपवर्थ यांच्याशी गाठ घालून दिली. हेपवर्थ हे त्या काळचे नामांकित चित्रपटनिर्माते. त्यांच्या कलागृहात फाळक्यांनी सर्व विभाग पाहिले, हाताने काम करून पाहिले. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कोऱ्या फिल्मची आणि फिल्मला भोके पाडणाऱ्या यंत्राची मागणी नोंदविली आणि १ एप्रिल १९१२ रोजी ते मुंबईस परत आले. सारा प्रवास दोन महिन्यांचा! आपण सहा-सहा महिने शिकवणी लावूनही जे शिकत नाही, ते हा गृहस्थ काही दिवसांत शिकून आला. पण ते काही दिवसांचे शिक्षण नव्हते, हे विसरून चालणार नाही. त्यामागे पंचवीस वर्षांची तयारी होती.

वाटाण्याचे रोप

यंत्रे आली, पण चित्रपटाला भांडवल कोण देणार? ज्यांनी पैसे द्यायचे, त्यांचा विश्वास बसायला हवा. येथे फाळक्यांनी जे केले, ते मला त्यांच्या आयुष्यातले सर्वांत सुंदर काम वाटते. त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले आणि कॅमेरा रोवून महिनाभराहून अधिक काळ रोज थोडे थोडे चित्रण केले. मग ती फिल्म चालविताच बी फुटले, कोंब वर आला, वेल झाला, आणि हे सारे जेमतेम एका मिनिटात! 'अंकुराची वाढ' हाच तो लघुपट. जादूगार केल्फा आणि छायाचित्रकार फाळके यांची त्यात बेमालूम भेट झाली होती. तो पाहून स्नेह्यांनी कर्ज दिले.

आज आपल्या मोबाइलमध्ये हीच करामत करणारे बटण असते. ते दाबून ठेवले की ढग पळतात, सूर्य झरझर मावळतो. मीही गंगेवर ते दाबून पाहिले आहे. पण त्यात वेळ कसा आवळला जातो, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. बटणाने उत्तर दिले होते, मग प्रश्न कशाला पडेल?

चार लाख भोके

'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट करण्याचे ठरले. दादरच्या राहत्या जागेतच कलागृह उभे राहिले. नट हवेत म्हणून जाहिराती दिल्या. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रेय दामोदर दाबके मिळाले. रोहिदास झाला फाळक्यांचा स्वतःचा मुलगा भालचंद्र. तारामती मात्र मिळेना. कुलीन घरची स्त्री सोडाच, कोठलीही स्त्री या कामाला तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांच्या नजरेस पडले आणि तेच तारामती झाले. बाहेरचे चित्रण वांगणी गावी झाले. ढाल-तलवारींसह उतरलेली ही मंडळी पाहून गावकऱ्यांनी दरोडेखोर समजून त्यांना अडकविले होते, अशी गमतीची हकीकत चरित्रांत सांगितली जाते.

पण गमतीपेक्षा मला विचार करायला लावले ते एका साध्या हिशेबाने. त्या काळी कोरी फिल्म येई ती भोकांवाचून. कॅमेऱ्यातली दातेरी चाके फिल्म पुढे ओढतात ती दोन्ही कडांच्या भोकांत दात अडकवून. ती भोके घरीच पाडावी लागत आणि तीही अंधारात, कारण प्रकाश लागला की फिल्म वाया. एका फुटात सोळा चित्रे आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार भोके, म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती ३,७०० फूट. गुणाकार करून पाहा. चार लाख त्र्याहत्तर हजारांवर भोके! हा हिशेब केवळ तयार चित्रपटाचा. वाया गेलेली फिल्म आणि पुढच्या प्रती निराळ्याच.

आणि ही भोके पाडीत कोण बसत असे? सरस्वतीबाई. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, मुलांचे संगोपन, चित्रणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणे, आणि रात्री सारे निजल्यावर अंधाऱ्या खोलीत फिल्मला भोके पाडणे. फिल्म धुण्याची रसायने कालविणे, फिल्म कॅमेऱ्यात भरणे हेही त्या शिकल्या. पैसे संपले तेव्हा अंगावरचे दागिनेही दिले. एका विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गृहिणीने हे सारे केले. यंत्रे हे बायकांचे काम नाही, असे त्यांना कोणी सांगितले नसेल काय? नक्कीच सांगितले असेल. त्यांना ते ऐकायला सवड नव्हती, एवढेच.

सहा महिने आणि सत्तावीस दिवसांत चित्रपट पुरा झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात तो सर्वांसाठी लागला. त्याआधी, मे १९१२ मध्ये, दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' त्याच चित्रपटगृहात दाखविला गेला होता, आणि पहिला मान कोणाचा यावर अभ्यासकांत वाद आहे. 'पुंडलिक' हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फिल्म धुण्यासाठी परदेशी गेली होती. तोरण्यांचे श्रेय कमी न लेखताही असे म्हणता येईल की, कथेपासून रसायनापर्यंतचे प्रत्येक काम येथल्याच माणसांनी, येथल्याच घरात केले ते प्रथम फाळक्यांकडे.

नाशिकचे दिवस

यश मिळाले, तसे फाळके मुंबईत रमले नाहीत. त्याच वर्षी ते आपले कलागृह घेऊन नाशिकला आले. गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर, झाडी... पौराणिक कथांना लागणारा सारा देखावा येथे आयताच होता. 'मोहिनी भस्मासुर' येथे तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमला या दोघींनी कामे केली आणि भारतीय चित्रपटात स्त्रीने प्रथमच पाऊल टाकले. वर्षापूर्वी जे अशक्य ठरले होते, ते आमच्या नाशकात घडले, याचा मला फार अभिमान वाटतो.

१९१४ साली आपले चित्रपट घेऊन ते पुन्हा लंडनला गेले. तेथे त्यांची वाखाणणी झाली, तेथेच राहून काम करण्यासाठी बोलावणेही आले. ते त्यांनी नाकारले. पण पहिले महायुद्ध सुरू झाले, भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि परत आल्यावर कलागृह चालविणे कठीण झाले. त्यातून १९१७ साली 'लंकादहन' आला. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. या चित्रपटाने एवढी गर्दी खेचली की, मद्रासला तिकिटांची नाणी बैलगाडीत घालून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, असे सांगतात. याच सुमारास 'नवयुग' मासिकात फाळक्यांनी चित्रपटाच्या धंद्यावर लेखमालाही लिहिली. आपली विद्या लपवून ठेवणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

१९१८ साली नाशिक येथे हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. 'श्रीकृष्णजन्म', 'कालियामर्दन' हे तेथलेच. बाळकृष्ण झाली होती फाळक्यांची कन्या मंदाकिनी. पण भागीदार आणि कलावंत यांचे पटणे कठीण. भागीदारांना खर्चाला आळा हवा होता, फाळक्यांना चित्र मनासारखे हवे होते. रागाने ते कंपनी सोडून काशीस जाऊन राहिले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिले. दोनेक वर्षांनी समेट होऊन ते परतले, परंतु पहिला जोम पुन्हा आला नाही. तरीही त्यांच्या नावावर नव्वदहून अधिक चित्रपट आणि पंचवीसच्या वर लघुपट आहेत.

चित्र बोलू लागले

१४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट मुंबईत लागला आणि चित्रे बोलू लागली. ज्या माणसाने मुके चित्र या देशात रुजविले, त्याच्या हातातली सारी साधने एका रात्रीत जुनी झाली. 'सेतुबंधन' त्यांनी मूकपट म्हणून केला आणि पुढे त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी 'गंगावतरण' केला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. हाच त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचा चित्रपटही. जन्म गोदेच्या उगमाशी आणि शेवटचे चित्र गंगेच्या अवतरणाचे, असा योग जुळून आला.

१९३९ साली चित्रपटधंद्याचा रौप्यमहोत्सव मुंबईत थाटात साजरा झाला. ज्याच्यामुळे तो साजरा होत होता, तो वृद्ध गृहस्थ त्या गर्दीत जवळजवळ अनोळखी होता. व्ही. शांताराम यांच्यासारख्यांनी पुढाकार घेऊन त्यांना थैली मिळवून दिली. उतारवयातही नवा चित्रपट काढण्याची उमेद गेली नव्हती. पण दुसऱ्या महायुद्धाच्या काळात निर्मितीला सरकारी परवाना लागे. त्यांना तो नाकारण्यात आला, असे चरित्रकार नमूद करतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला.

या भागाशी मी बराच वेळ थांबले. आज आमच्यापुढेही असेच वळण आहे. संगणकाला नुसते शब्दांत सांगावे आणि त्याने चित्र काढून द्यावे, चलत्चित्र करून द्यावे, लेखही लिहून द्यावा, अशी साधने हाती आली आहेत. कला शाखेच्या विद्यार्थ्याने मग करायचे काय, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर रोज निघतो. फाळक्यांचे आयुष्य त्याला सोपे उत्तर देत नाही. प्रत्येक नवे साधन शिकणारा हा माणूसही अखेरीस एका नव्या साधनापुढे मागे पडलाच. पण त्यांनी शिकविलेली एक गोष्ट मागे पडली नाही. साधन कोणाचेही असो, कथा आपली हवी आणि साधनाच्या पोटात काय चालते ते आपल्याला ठाऊक हवे. नुसते बटण ठाऊक असणारा बटण बदलताच पोरका होतो. वाटाण्याच्या रोपापाशी महिनाभर बसलेला माणूस निदान पोरका होत नाही.

श्रेयनामावली

१९६९ साली भारत सरकारने फाळक्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार सुरू केला. दादरला त्यांच्या नावाचा रस्ता आहे, नाशिकला स्मारक आहे. त्यांच्या चित्रपटांपैकी बहुतेक मात्र काळाच्या ओघात नष्ट झाले. 'राजा हरिश्चंद्र'चीदेखील थोडीच रिळे उरली आहेत. चित्रपट जपून ठेवण्याची आठवण आपल्याला फार उशिरा झाली. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यास निघाले ते १९६४ साली. तिन्ही रविवारांचे चित्रण पुसून टाकणाऱ्या मला कोणाला नावे ठेवण्याचा अधिकार नाही. पण प्रत करून ठेवणे हेही कलेचेच काम आहे, हे मला त्या हरवलेल्या रिळांनी पटविले.

उरलेल्या तुकड्यांत एक असा आहे की, त्यात खुद्द फाळके काम करताना दिसतात. हातात फिल्मची पट्टी घेऊन ते ती उजेडात निरखून पाहत आहेत. मी तो तुकडा त्याच मोबाइलवर पाहिला, ज्याला मी नावे ठेवली होती. वितीएवढ्या काचेत तो माणूस एकेक चित्र तपासत होता आणि मला मान वर करवेना.

सरांना पुस्तक परत करताना मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारले नाही. यंदा आम्ही गोदाघाटावर पुन्हा चित्रण केले आहे. प्रत्येक दिवसाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवल्या आहेत. कोणता प्रसंग कोठून घ्यायचा ते आधी कागदावर काढले. उन्हे तिरपी झाली तेव्हा तोंडावर उजेड पाडायला आम्ही घरची पांढरी चादर नेली आणि ती धरून धरून हात भरून आल्यावर सरस्वतीबाईंची आठवण झाली.

गेल्या वर्षीच्या लघुपटाची श्रेयनामावली माझ्या वहीत अजून आहे. तीत अकरा नावे आहेत. मोबाइल ज्यांच्या भिशीतून आला, पहाटे चार वाजता उठून ज्यांनी आमचे डबे भरले, त्यांचे नाव त्यात नाही. पुरस्काराला, रस्त्याला, स्मारकाला नाव दादासाहेबांचे आहे आणि ते योग्यच आहे. पण चार लाख भोके अंधारात पाडणारे हात तेथे कोठेच दिसत नाहीत. फाळक्यांच्या घरातील तो एक अन्याय मला दूर करता येणार नाही. माझ्या घरातला येईल. यंदाच्या नामावलीत पहिले नाव आईचे घातले आहे. तिला अजून सांगितलेले नाही. स्नेहसंमेलनाला तिला घेऊन येणार आहे.